गाडीच्या पाठीवरचा पंख

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसणारे बहुतेक जण म्हातारे असतात. माझं तसं नाही. मला अजून पाच वर्षंही पूर्ण झालेली नाहीत. तरी माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे, कारण जो दिवसाचे तेवीस तास एकटा मिटून पडलेला असतो, त्याला आठवत बसण्याखेरीज दुसरं काम नसतं.

मी विजेवर चालणाऱ्या एका मोटारीचा स्पॉइलर आहे. मागच्या काचेखाली, डिकीच्या झाकणावर जी काळी चकचकीत पट्टी दिसते, ती मी. लांबीला दोन हातांहून थोडा जास्त, रुंदीला वीतभर. गाडी उभी असली की मी झाकणात इतका बेमालूम बसतो की एकदा एका पाहुण्यांनी माझ्यावर चहाचा कप ठेवला आणि गप्पा संपेपर्यंत उचलला नाही. पण गाडीचा वेग ताशी ऐंशीच्या पुढे गेला की मला आतून हुकूम येतो. माझी अंगठ्याएवढी मोटर फिरते आणि दोन बारीक हातांवर मी वर उठतो. गाडीच्या पाठीवरून घसरत येणारा वारा मी वळवतो. तो वारा मला खाली दाबतो, मी गाडीला दाबतो आणि चाकं रस्ता घट्ट धरून ठेवतात. वेग उतरला की मी पुन्हा मिटतो, म्हणजे माझा अडथळा होऊन बॅटरी उगाच खर्ची पडत नाही.

काम एवढंच, पण देखणं. माझं एकच दुःख आहे. ज्याच्यासाठी मी उठतो, त्याला मी उठलेला कधी दिसत नाही. त्याची नजर पुढे, मी त्याच्या पाठीमागे. मला पाहतात ते मागून येणारे परके लोक, आणि तेही पाहून पुढे निघून जातात.

माझी जुळणी बंगळूरजवळ बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात झाली. माझे हात एका टेबलावर बसवले, मोटर दुसऱ्या, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून रबराची किनार तिसऱ्या. शेवटच्या टेबलावर सत्यवती नावाची बाई होती. प्रत्येक स्पॉइलर पाचशे वेळा उठवून आणि पाचशे वेळा मिटवून पाहणं हे तिचं काम. मोटर किती वीज खाते ते समोरच्या पडद्यावर दिसत असे, पण तिचा त्या पडद्यावर फारसा भरवसा नव्हता. शेवटच्या दहा खेपांना ती खाली वाकून माझ्या हातांपाशी कान न्यायची. माझं ऐकून झाल्यावर ती "सरी" एवढंच म्हणाली आणि माझ्या पोटावर हिरवा ठिपका चिकटवला. कानडीत सरी म्हणजे ठीक आहे. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. नंतर मला याहून मोठमोठी विशेषणं मिळाली, पण तितक्या लक्षपूर्वक कोणी दिलेली नव्हती.

मग मी गाडीवर चढलो आणि गाडी दुकानात उभी राहिली. तिथला विक्रेता गिऱ्हाईक आलं की बटण दाबून मला उठवून दाखवायचा. पोरं टाळ्या पिटायची, बाप लोक फोटो काढायचे. त्या दिवसांत मला थोडा गर्व झाला होता हे कबूल करतो.

एके दिवशी सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ आले. त्यांनी फोटो काढला नाही. माझ्या कडेवरून त्यांनी तळवा फिरवला, खाली वाकून माझा कोन पाहिला आणि सोबतच्या बाईंना म्हणाले, "अहल्या, हे बघ. वारा इथून सुटतो. नेमका इथून!"

त्यांचं नाव पद्माकर टेंबे. मूळचे मिरजेचे. तरुणपणी बंगळुरात आले आणि विमानांवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेत चौतीस वर्षं वाऱ्याच्या बोगद्यावर काम केलं. वाऱ्याचा बोगदा म्हणजे एक प्रचंड नळी. तिच्यात विमानाची छोटी प्रतिकृती टांगायची, पलीकडून वारा सोडायचा आणि पंखावरून वारा कसा वाहतो ते मोजायचं. आवाज असा की छातीत धडधड व्हावी. सगळे कानांवर जाड टोप्या चढवत. पद्माकरराव मात्र टोपी काढून ठेवत. वारा पंखावरून सुटायला लागला की त्याचा सूर बदलतो, आणि काट्यांच्या आधी तो सूर सांगतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. संस्थेत त्यांच्या कानांची ख्याती होती. त्या ख्यातीची किंमत त्या कानांनीच दिली. निवृत्त झाले तेव्हा त्यांना ऐकू येणं निम्म्यावर आलं होतं, आणि मी घरी आलो तोवर त्याहून कमी.

पण ही गोष्ट त्यांनी कोणाजवळ कबूल केली नव्हती. स्वतःजवळही नाही. समोरून कोणी बोललं तर ओठांवरून त्यांना बरंच कळायचं. पाठीमागून किंवा दुसऱ्या खोलीतून बोललं तर ते मान हलवून हसत, "हो, हो" म्हणत आणि वेळ मारून नेत. ज्याने आयुष्यभर कानांच्या जोरावर नाव कमावलं, त्याने कान गेले हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

अहल्याबाई बंगळूरच्याच. त्यांचं माहेर कित्येक पिढ्यांपासून इथलं मराठी घराणं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी शब्द सहज मिसळलेले. त्या बोलक्या. माहेरी सकाळपासून रात्रीपर्यंत बोलणं चालायचं म्हणे. राजाजीनगरच्या या घरात सुरुवातीला त्यांनी सगळं सांगून पाहिलं. पाणी आलं नाही, भावाचा फोन आला, गुडघा दुखतोय, कोपऱ्यावरचं दुकान बंद झालं. उत्तर एकच, "हो, हो." मोठ्याने सांगावं तर ते चिडत, "ओरडतेस कशाला?" पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? हळूहळू त्यांनी नवऱ्याशी कामापुरतं बोलायचं ठेवलं आणि बाकीचं त्या तुळशीला, ओट्यावरच्या दुधाला, कधीकधी मला सांगू लागल्या. मी पोर्चमध्ये उभा असे आणि त्या माझ्यासमोर कपडे वाळत घालत. माझ्याइतकं कोणी ऐकून घेत नाही असं त्या एकदा म्हणाल्या. मला ते बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. ज्याला ऐकवायचं तो माणूस दहा पावलांवर वर्तमानपत्र वाचत बसलेला होता.

मित्रांनो, बंगळूरचा रस्ता तुम्ही पाहिला असेल. राजाजीनगरहून कोरमंगल्याला जायला दीड तास. त्या दीड तासात ऐंशी सोडाच, अठराचा वेग मिळाला तरी चालक देवाचे आभार मानतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी माझी गत होती. म्हणवायचं पंख आणि उडायचं कधीच नाही. सिग्नलला शेजारच्या रिक्षातली पोरं ओरडायची, "अंकल, उठवा ना!" पद्माकरराव पोरांचे हात पाहून समजायचे आणि बटण दाबायचे. मी दुधाची तहान ताकावर भागवायचो.

माझे खरे दिवस म्हणजे रविवार. सहाला पद्माकरराव एकटेच गाडी काढत. तुमकूर रोडने नेलमंगला ओलांडलं की रस्ता मोकळा होई, काटा ऐंशीला लागे आणि मी उठत असे. तो वारा! सारा आठवडा झाकणाखाली अंग चोरून बसलेल्याला तो कसा वाटतो हे शब्दांत सांगता यायचं नाही. मी उठलो की चाकांवरचा भार वाढतो, आणि तेवढा बारीक फरक पद्माकररावांच्या तळव्यांना स्टिअरिंगमधून कळायचा. ते स्वतःशीच हसत. तुमकूरच्या अलीकडे क्यात्संद्र्याला ताटलीएवढी तट्टे इडली खाऊन अकराच्या आत आम्ही परत. अहल्या कशी नाही येत कधी, असं त्यांच्या मनात यायचं का, मला माहीत नाही. तिला आवडत नसेल, असं त्यांनी ठरवून टाकलं असावं. तिनं सांगितलं असेल तर ते पाठीमागून सांगितलेलं असणार.

माझी निगाही ते छान ठेवत. मी दिसायला डौलदार असलो तरी नाजूक आहे. माझ्या खाली बोटभर फट आहे. तिच्यात पावसाळ्यात पानं अडकतात, उन्हाळ्यात धूळ बसते. धूळ आणि पाणी मिळून जो चिखल होतो तो माझ्या बिजागऱ्यांचा शत्रू. धुलाईवाले जोराच्या पाण्याचा फवारा मारतात तेव्हा माझी रबराची किनार उलटते आणि मोटरीला पाणी लागतं. पद्माकरराव हे जाणून होते. दर गुरुवारी बटण दाबून मला उठवत आणि मऊ फडक्याने माझी फट पुसत. फक्त एक गोष्ट ते करू शकत नसत. माझा आवाज ऐकू शकत नसत.

घोटाळा झाला तो गेल्या खंडेनवमीला. बंगळुरात त्या दिवशी सायकलीपासून बसपर्यंत सगळ्या चाकांची पूजा होते. गाडी धुतली. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. पुढे शेवंतीचा जाडजूड हार घातला. अहल्याबाई हळदकुंकू घेऊन आल्या, तेव्हा पद्माकररावांना हुरूप आला. "यालाही लाव," म्हणून त्यांनी बटण दाबलं आणि मला उठवलं. अहल्याबाईंनी माझ्या कपाळी ओलं कुंकू लावलं आणि एक लहान हार माझ्या दोन हातांवरून घातला. खरं सांगतो, त्या क्षणी मला देवळातल्या देवासारखं वाटलं. मग आरती झाली, कोहळा फोडला, आणि पद्माकरराव गाडी पुढे घ्यायला आत जाऊन बसले.

"थांबा हो!" अहल्याबाई मागून ओरडल्या. "हार काढू दे आधी!"

त्यांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी बटण दाबलं आणि मी मिटलो.

अडथळा आला तर थांबायची सोय माझ्यात आहे. पण हाराचा दोरा नायलॉनचा, केसासारखा बारीक. तो अडथळा म्हणून मला लागलाच नाही. तो डाव्या बिजागरीभोवती गुंडाळला गेला, शेवंतीच्या पाकळ्या फटीत चिरडल्या आणि कुंकवाचा लगदा त्यावर बसला. अहल्याबाई धावत खिडकीशी गेल्या. "हार आत गेला, अहो. तो पंख उघडून बघा."

पद्माकररावांचं लक्ष समोर होतं. "हो, हो," ते म्हणाले आणि चाकांनी लिंबं चिरडली. अहल्याबाई खिडकीपासून मागे सरल्या. मग तबक उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी करकरू लागलो. उठताना कर्र, मिटताना कर्र. दिवाळीनंतरच्या पावसाने धूळ आत नेली आणि करकरीचं किंचाळणं झालं. यंत्राला तोंड नसतं, मित्रांनो. ते जिथून जमेल तिथून ओरडतं. शेजारच्या घरातल्या बाईंनी खिडकी उघडून पाहिलं. इस्त्रीवाला हसला. माझी फट पुसणारा माणूस मात्र गुरुवारी माझ्यावर वाकून प्रेमाने फडकं फिरवत होता, आणि त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर मी ओरडत होतो. माझ्या आयुष्यात मी इतका एकटा कधीच नव्हतो.

"तो ओरडतोय हो," अहल्याबाई मागून म्हणाल्या. फडकं फिरतच राहिलं, तेव्हा त्या समोर आल्या. त्यांनी बोटाने मला दाखवलं. पद्माकररावांना वाटलं, ती माझं कौतुक करते आहे. ते हसले आणि मान हलवली. त्यावर अहल्याबाईंचे डोळे भरून आले. मी पाहिलं. त्या रडल्या त्या माझ्यासाठी नव्हे, हे मला कळत होतं.

नोव्हेंबरात एकदा वेगाच्या काट्याशेजारी पिवळा दिवा लागला. पद्माकररावांनी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या कोणीतरी संगणक जोडून दिवा घालवला आणि गाडी परत दिली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी व्हायचं ते झालं. नेलमंगल्याच्या पुढे काटा ऐंशीला लागला, मी उठायला गेलो, माझा उजवा हात वर गेला आणि डावा अडकला. मी तिरका झालो. मोटर जळण्याच्या बेतात आली. पडद्यावर मोठी लाल सूचना उमटली आणि गाडीने आपण होऊन वेग पाडला. पद्माकरराव गोंधळले. मधल्या लेनमध्ये गाडी चाळीसवर आली. मागून भरलेली लॉरी येत होती. तिने हॉर्न दाबला, तो सोडलाच नाही. मला तिच्या तोंडावरचा लोखंडी बंपर दिसत होता. मी तिरका उभा राहून ओरडत होतो, लॉरी ओरडत होती, आणि आत बसलेला माणूस वाकून सूचना वाचत होता.

लॉरी शेवटच्या क्षणी वळली. आमच्या गाडीचा आरसा तिच्या कडेला घासून तुटला, एवढ्यावर निभावलं. तिचा चालक पुढे थांबून धावत आला, घामाने निथळलेला. "सार्, एष्टु हॉर्न! केळिस्लिल्वा?" इतके हॉर्न मारले, ऐकू आलं नाही का? तो समोर उभा राहून विचारत होता, म्हणून पद्माकररावांना शब्द कळले. त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते.  त्यांनी "हो, हो" म्हटलं नाही.

गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला नेली. मंगळवारी तिथून फोन आला तो अहल्याबाईंनी घेतला, म्हणून त्याही सोबत आल्या. माझं कवच काढलेलं होतं. रविकिरण नावाचा तंत्रज्ञ मला तपासत होता. तो बेळगावचा, त्याला मराठी येत होतं. चिमट्याने त्याने माझ्या बिजागरीतून दोरा ओढून काढला. वाळलेल्या पाकळ्या अजून त्याला चिकटलेल्या होत्या.

"बघा की सर, आयुधपूजेचा हार हाय हा," तो म्हणाला. "मोटर गेली. अख्खा जोड बदलायला लागतोय, सुटा भाग मिळत नाही. पाच-सहा आठवडे धरा." मग त्याने दोरा उजेडात धरला. "पण सर, हे लई दिवस ओरडलं असणार. दोन महिने तरी. तुम्हाला ऐकू आलं नाही काय?"

मोठ्या शेडमध्ये दहा माणसं काम करत होती. पद्माकररावांनी अहल्याबाईंकडे पाहिलं. त्यांचा असा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो. शाळेत फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलाचा असतो तसा तो झाला होता.

"फार बारीक आवाज होता हो," अहल्याबाई चटकन म्हणाल्या. "मलासुद्धा आला नाही."

मित्रांनो, मी निर्जीव आहे, मला खोट्याखऱ्याचं काय? पण त्या वेळी वाटलं, मोटर जळालेली नसती तर मी उठून उभा राहिलो असतो. ज्या बाईने माझं किंचाळणं पहिल्या दिवसापासून ऐकलं, सांगितलं, बोटाने दाखवलं, ती दहा माणसांसमोर आपण बहिरी असल्यासारखं सांगत होती. आणि ती पद्माकररावांच्या समोर उभी होती. तिचे ओठ त्यांना स्पष्ट दिसले. त्यांना बोटही आठवलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

नवा जोड यायला सात आठवडे लागले. माझे हात नवे, मोटर नवी; कवच मात्र तेच राहिलं, म्हणून मी स्वतःला मीच म्हणतो. मी घरी आलो तो बुधवारी. गुरुवारी दुपारी अहल्याबाई आत झोपल्या होत्या, तेव्हा पद्माकरराव गाडीत येऊन बसले. त्यांनी खिशातून एक लहान डबी काढली. दोन शेंगदाण्याएवढी यंत्रं होती, कानात घालायची. आरशात पाहत, चारदा चुकत त्यांनी ती बसवली. खाली उतरून माझ्याजवळ आले. किल्लीवरचं बटण दाबलं.

मी उठलो. नव्या मोटरीचा मऊ, एकसारखा आवाज. पद्माकररावांनी डोळे मिटले. पुन्हा बटण दाबलं. मी मिटलो. पुन्हा उठवलं, पुन्हा मिटवलं. सात वेळा. आठव्या वेळी त्यांनी खाली वाकून माझ्या हातांपाशी कान आणला आणि हळूच म्हणाले, "दोन महिने ओरडलास होय रे?"   कोणीतरी ऐकत होतं.

रविवारी सहाला ते नेहमीसारखे पोर्चमध्ये आले. निघण्यापूर्वी माझी फट पुसू लागले. त्यांची पाठ फाटकाकडे होती. फाटकाशी अहल्याबाई रांगोळी घालत होत्या. कानातल्या यंत्रांबद्दल त्यांना काही ठाऊक नव्हतं. केसांत ती दिसतही नव्हती.

"आज रविवार," त्या ठिपक्यांना सांगत होत्या. "म्हणजे अकरापर्यंत घर खायला उठणार. असू दे. सवय झाली आता."

फडक्याचा हात माझ्यावर थांबला. इतका वेळ थांबला की मला वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं.

"मग चल की माझ्याबरोबर," पद्माकरराव म्हणाले.

अहल्याबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. नवरा फोनवर कोणाशी बोलतो आहे का, ते पाहिलं. त्याच्या हातात फडकं होतं.

"मला म्हणालात?"

"आणखी कोणाला घर खायला उठतं?"

चिमटीतली रांगोळी एकाच जागी सांडत राहिली. त्या उठून उभ्या राहिल्या. "तुम्हाला ऐकू आलं?"

पद्माकररावांनी वळून कानाकडे बोट नेलं. "गुरुवारपासून."

"गुरुवारपासूनचं सगळं?"

"तुझ्या भावाला फोनवर माझ्याबद्दल जे सांगितलंस, तेसुद्धा."

त्या लाजल्या, मग हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला, आणि हे सगळं एकदमच झालं. पद्माकरराव जवळ गेले. "मला वाटायचं तू गप्प झालीस," ते म्हणाले. "मला वाटायचं, वयाने होतं तसं."  अहल्याबाई म्हणाल्या, "साडी बदलून येते. स्वल्प थांबा." आणि जाता जाता फाटकापासून दारापर्यंत बोलतच गेल्या.

नेलमंगला ओलांडलं. रस्ता मोकळा झाला. आठ आठवड्यांनी मला वारा मिळणार होता. काटा सत्तर, बहात्तर, पंचाहत्तर. नव्या मोटरीत वीज आली. आत अहल्याबाई त्यांच्या लहानपणीची कसली तरी गोष्ट सांगत होत्या, आणि वाऱ्याच्या आवाजाने ती कानातल्या यंत्रांत घुमायला लागली होती.

"स्वल्प हळू चालवा की," त्या म्हणाल्या. "वाऱ्यात माझं बोलणं पोचत नाही तुम्हाला."

ज्या माणसाने वाऱ्यापायी कान घालवले, त्याने मुकाट्याने गाडी डाव्या लेनमध्ये घेतली. काटा साठवर आला आणि तिथेच राहिला. क्यात्संद्र्यापर्यंत मी उठलो नाही. येतानाही नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याची फट आठवड्यातून एकदा पुसा. जोराचा फवारा मारू नका. रबराची किनार उलटली असेल तर बोटाने सरळ करा. पूजा करा, कुंकू लावा, पण मिटवण्याआधी हार काढा. आणि कान द्या. कुठलंही यंत्र न सांगता बंद पडत नाही. ते आधी सांगतं, बरेच दिवस सांगतं. माणसांबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. मात्र सांगून सांगून बंद पडत चाललेली एक बाई मी पोर्चमधून रोज पाहिली आहे, आणि तिचा सुटा भाग कुठल्याच कारखान्यात मिळाला नसता.

मी सुखी आहे का, असं विचाराल तर खोटं बोलणार नाही. गुरुवारी मला बटणाने उठवतात, ऐकतात, मिटवतात. एरवी मी एकटाच असतो. वाऱ्याची आठवण फार येते. पण दर रविवारी आम्ही तिघं निघतो. नेलमंगल्याच्या पुढे काटा पंचाहत्तरला टेकतो, माझे हात तयार होतात, आणि नेमक्या त्याच वेळी अहल्याबाईंना काहीतरी सांगायचं असतं.